हरणाऱ्याची बाजू

सर्वांत मोठा रेसलर कोण आणि सर्वांत भारी मॅच कुठली, हा वाद आम्हा आतेमामे भावंडांत शाळेपासून चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीच इच्छा नाही. हल्क होगनवाले एका बाजूला, ब्रेट हार्टवाले दुसऱ्या. अंडरटेकरवाले कुठल्याच बाजूला नाहीत, कारण त्यांच्या मते वाद घालण्यासारखं काही उरतच नाही. आमच्याहून लहान भावंडं जॉन सीना आणि रे मिस्टेरिओवर वाढली. त्यांच्याही नंतरची मुलं फोनवर जपानमधल्या मॅचेस बघतात, ओकादा आणि ओमेगाची नावं घेतात आणि तुमच्या काळातल्या मॅचेस फार संथ होत्या असं तोंडावर सांगतात.

लहानपणी हा वाद सोपा होता. ट्रम्प कार्डांवर प्रत्येकाची उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या मॅचेस छापलेल्या असायच्या. ‘रँक एक’ म्हणून पत्ता टाकला की समोरच्याचा पत्ता आपला. पुढे सगळ्यांनाच कळलं की मॅचचा निकाल आधीच ठरलेला असतो, आणि खरा वाद तिथून सुरू झाला. क्रिकेटमध्ये शतकं मोजता येतात, टेनिसमध्ये ग्रँड स्लॅम. इथे रिक फ्लेअर १६ वेळा जगज्जेता झाला आणि जॉन सीना १७ वेळा, यावरून एवढंच कळतं की पट्टा कोणाच्या कमरेला असला तर तिकिटं खपतील असं मालकांना वाटत होतं. जिंकण्याचा पुरावा इथे चालत नाही. मग मोठेपण मोजायचं कशावर?

मी गेली कित्येक वर्षं एकच गोष्ट बघते. मॅच संपल्यावर हरलेल्याकडे बघते. तो कसा हरला, आणि त्याच्या हरण्यानं कोण किती मोठं झालं.

यासाठी मी पहिली साक्ष नेहमी एकाच मॅचची काढते. २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट होरायझन, मॅकमहन यांच्या कंपनीचा (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, रेसलमेनिया १३. ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. जगज्जेतेपदाची मॅच त्या रात्री वेगळीच होती, अंडरटेकर आणि सिड यांची, आणि ती शेवटी झाली. आज तिचं नाव कोणी काढत नाही. ब्रेट तेव्हा नायक होता, कॅनडातल्या कॅलगरीचा, वडिलांच्या तळघरात कुस्ती शिकलेला सरळमार्गी माणूस. ऑस्टिन शिवराळ, कोणाचंच न ऐकणारा खलनायक. मॅचची अट अशी की समोरच्यानं ‘सोडा’ म्हटल्याशिवाय निकाल नाही. पंच म्हणून केन शॅमरॉकला आणलं होतं, जो खऱ्या लढतींतून आलेला.

दोघं प्रेक्षकांच्या गर्दीत शिरले, खुर्च्यांमधून मारामारी करत परत आले. मग ऑस्टिनच्या कपाळातून रक्त यायला लागलं. कंपनीत तेव्हा रक्त काढायला मनाई होती. ब्रेटनं ते ऑस्टिनला विश्वासात घेऊन केलं, हे दोघांनीही नंतर सांगितलं आहे. शेवटाकडे ऑस्टिन वायरनं ब्रेटचा गळा आवळत असताना ब्रेटच्या हाती घंटा लागते, ती तो ऑस्टिनच्या डोक्यात घालतो आणि शार्पशूटर लावतो. दोन्ही पाय गुंतवून, पाठ मोडेल अशी कमान. ऑस्टिन जमिनीवर हात टेकून वर येतो, रक्त चेहऱ्यावरून दातांत उतरलेलं, ओरडतो, एकदा जवळजवळ सुटतोसुद्धा. पण ‘सोडा’ म्हणत नाही. त्याची शुद्ध जाते आणि शॅमरॉक मॅच थांबवतो.

निकाल ब्रेटच्या बाजूनं. आणि जिंकलेला ब्रेट बेशुद्ध माणसाच्या पायावर पुन्हा लाथा घालतो. शॅमरॉक त्याला ओढून बाजूला करतो. ज्या लोकांनी अर्ध्या तासापूर्वी ब्रेटसाठी टाळ्या वाजवल्या होत्या तेच त्याची हुर्यो उडवत असतात. ऑस्टिन शुद्धीवर येतो, आधार द्यायला आलेल्या पंचाला झिडकारतो आणि लंगडत एकटा निघून जातो, तेव्हा सगळं सभागृह त्याच्या नावाचा घोष करत असतं. वर्षभरानं, मार्च १९९८ मध्ये, तोच माणूस रेसलमेनियाच्या शेवटच्या मॅचमध्ये शॉन मायकल्सला हरवून जगज्जेता झाला. पुढची सगळी वर्षं त्याची होती. ती कमाई त्यानं एक मॅच हरून केली होती. पण हे ब्रेटचंही काम आहे, आणि त्याला ते श्रेय कमी मिळतं. आपली आयुष्यभराची लोकप्रियता त्यानं एका रात्रीत दुसऱ्याच्या खात्यावर जमा केली.

माझ्या कोल्हापूरच्या मामांना हे सगळं मान्य नव्हतं. मामा स्वतः तालमीत गेलेले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात, लाल मातीतल्या निकाली कुस्त्या बघत वाढलेले. मारुती माने, गणपतराव आंदळकर, बेळगावात सतपालला हरवणारे हरिश्चंद्र बिराजदार, ही त्यांची नावं. सुट्टीत आम्ही केबलवर रेसलिंग लावलं की ते खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, “ही कसली रं कुस्ती? दोगं बी ठरवून आल्यात. नुरा हाय ही.” मी म्हणायची, “मामा, तुम्ही शेवटपर्यंत बघा तरी.” ते बघायचे. एकदा शॉन मायकल्स दोरावरून बाहेर फेकला गेला तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, “पडायची तालीम लई झालीया ह्याची.” जिंकणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पाठ जमिनीला कशी लागली, मान कशी आत घेतली, हात कधी आपटला, एवढंच ते बघत होते.

मामांच्या ‘नुरा’ या आरोपाला खरं उत्तर द्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९१० मध्ये लंडनला गामा आणि स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची कुस्ती झाली. गामानं सुरुवातीलाच झिबिस्कोला खाली घेतलं आणि झिबिस्को मॅटला चिकटून बसला. अडीच तासांहून जास्त वेळ. शेवटी बरोबरी. आठवड्यानं पुन्हा कुस्ती ठरली, तर झिबिस्को आलाच नाही. अमेरिकेत १९१६ मध्ये ओमाहाला जो स्टेचर आणि एड ‘स्ट्रँगलर’ लुईस जवळजवळ पाच तास एकमेकांना धरून राहिले आणि तीही बरोबरीत सुटली. खरी कुस्ती, दोन तोलामोलाच्या मल्लांची, बघणाऱ्याला अशी असह्य होऊ शकते. खासबागेतही तासभर नुसती खडाखडी चालली की लोक आरडाओरडा करतातच. १९२० च्या दशकात लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी यावर उपाय काढला. वेळेची मर्यादा, वेगवान डाव, फेकाफेकी आणि आधी ठरवलेला निकाल. आज आपण जे बघतो त्याचा आराखडा तिथला.

पण निकाल ठरवला तरी तो पाळायला माणूस लागतो. १९२५ मध्ये या तिघांनी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या वेन मन नावाच्या धिप्पाड गड्याला जगज्जेता केलं. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती. फिलाडेल्फियात त्याच्यासमोर हरायला म्हणून उभा केला तो हाच झिबिस्को, आता पंचेचाळिशीच्या आसपासचा. घंटा वाजली आणि झिबिस्कोनं हरायचं नाकारलं. मनला पुन्हा पुन्हा पाडलं, खांदे टेकवले, पंचाला निकाल द्यावाच लागला. पट्टा गेला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळात गामानं त्याच झिबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केलं. एकाच माणसाच्या आयुष्यातल्या या तीन कुस्त्या मी फार वेळा एकत्र आठवते. लंडनला तो हरू नये म्हणून लढला, फिलाडेल्फियाला हरण्याचा शब्द मोडून जिंकला आणि पतियाळाला खरा हरला. फिलाडेल्फियानंतर धंद्यातल्या सगळ्यांना एक गोष्ट कळली. पट्टा अशाच माणसाकडे ठेवायचा, ज्याला वेळ आली तर खरी कुस्तीही करता येईल, आणि जो हरायचं ठरल्यावर हरेल.

तसा माणूस म्हणजे लू थेझ. स्ट्रँगलर लुईसच्या देखरेखीखाली तयार झालेला, कोणाचाही सांधा निखळवू शकेल अशी पकड असलेला. आणि इथे ही गोष्ट आपल्या मुंबईत येते. १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगनं थेझला हरवलं. थेझ तेव्हा ५२ वर्षांचा होता. त्यानं नंतर लिहिलं की दारासिंग खरी कुस्ती जाणणारा आणि उत्तम कमावलेल्या शरीराचा मल्ल होता, त्याच्याकडून हरायला आपली काहीच हरकत नव्हती. मला हे वाक्य दारासिंगच्या पट्ट्याइतकंच मोलाचं वाटतं. थेझसारखा माणूस कोणासमोरही उगाच पाठ टेकवत नव्हता.

दारासिंगचं नाव आपल्या बोलण्यात इतकं मुरलं आहे की आजही कोणी दंड दाखवला की “मोठा दारासिंग लागून गेलास का?” असं आपण म्हणतो. पण दारासिंगला दारासिंग करणारा किंग काँग आपल्या लक्षात राहिला नाही. खरं नाव एमिल चाया, मूळचा ट्रान्सिल्व्हेनियाचा, दाढीवाला, अवाढव्य. तो दारासिंगच्या आधीपासून हिंदुस्थानात कुस्त्या करत होता आणि सिंगापूर ते मुंबई सगळीकडे लोकांच्या शिव्या खात होता. दारासिंगनं त्याला उचलला, ही गोष्ट आमच्या आधीची पिढी डोळे मोठे करून सांगायची. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवरच्या त्या कुस्त्यांबद्दल ऐकताना मला नेहमी वाटायचं की एवढ्या वजनाचा माणूस नुसत्या ताकदीवर उचलला जात नाही. त्यानं तोल द्यावा लागतो, योग्य क्षणी अंग हलकं करावं लागतं, आणि मग एवढं शरीर घेऊन पाठीवर पडावं लागतं. रात्रीमागून रात्र. हिंदुस्थानातला सर्वांत मोठा रेसलर कोण म्हणून विचारलं तर मी दारासिंगच्या शेजारी किंग काँगचं नाव लिहीन, आणि वादाची तयारी ठेवून लिहीन.

हाच न्याय आंद्रे द जायंटला लावावा लागतो. २९ मार्च १९८७, पाँटियाक सिल्व्हरडोम, रेसलमेनिया ३. कंपनीनं ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. होगननं आंद्रेला उचलून आपटलं, हे दृश्य अमेरिकन रेसलिंगमधलं सर्वांत प्रसिद्ध दृश्य असेल. आंद्रेला आजवर कोणी उचललंच नाही असं तेव्हा सांगितलं गेलं. ते खरं नव्हतं. खुद्द होगननंच त्याला १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचललं होतं. पण १९८७ मध्ये आंद्रेचं शरीर आजारानं थकलेलं होतं, पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती, धड चालवत नव्हतं. होगनला उचलू द्यायचं की नाही हे त्या रात्री शेवटी आंद्रेच्याच हातात होतं. त्यानं उचलू दिलं. डावपेचांच्या दृष्टीनं ती मॅच वाईट आहे, असं वाद घालणारे म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. तरीही मी ती कमी लेखू देत नाही.

त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची मॅच झाली. जेमतेम पंधरा मिनिटांची. सॅव्हेजचा स्वभाव असा की त्याला प्रत्येक पाऊल आधी ठरलेलं हवं. दोघांनी सगळी मॅच क्रमानं लिहून काढली, पाठ केली, एकमेकांना प्रश्न विचारून घोकली. स्टीमबोटला अशी सवय नव्हती. त्या काळचे बहुतेक रेसलर पहिला प्रसंग आणि शेवट एवढंच ठरवून रिंगमध्ये उतरत. मधलं सगळं तिथेच, पकडीत असताना एकमेकांच्या कानात कुजबुजून, लोक काय मागताहेत ते ऐकून. पाठ केलेली मॅच आणि जागेवर रचलेली मॅच यांत मोठी कुठली, यावर चाहते अजून भांडतात. मी जागेवर रचलेल्या मॅचच्या बाजूची आहे, आणि माझा पुरावा पुन्हा स्टीमबोटच आहे.

१९८९ मध्ये त्याच्या आणि रिक फ्लेअरच्या तीन मॅचेस झाल्या. फ्लेअर हा गावोगावी फिरणारा जगज्जेता. अशा चॅम्पियनचं काम मोठं अवघड. दर रात्री नवं गाव, तिथला लाडका पैलवान समोर. तासभर लढायचं, तो आता जिंकतोच असं गावाला वाटायला लावायचं, आणि पट्टा घेऊन पुढच्या गावाला जायचं. गावाला वाटलं पाहिजे की आपलाच गडी भारी होता, थोडक्यात चुकलं. फ्लेअर हे वर्षानुवर्षं करत आला होता. २० फेब्रुवारीला शिकागोत स्टीमबोटनं त्याला हरवून पट्टा घेतला. २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये तीनपैकी दोन डाव जिंकायचे, अशी मॅच झाली, जवळजवळ ५५ मिनिटांची, आणि ती टीव्हीवर फुकट दाखवली. त्याच दिवशी दुसरीकडे होगन आणि सॅव्हेज पैसे भरून बघायच्या रेसलमेनियात लढत होते. ७ मे रोजी नॅशव्हिलमध्ये फ्लेअरनं पट्टा परत मिळवला.

या तिन्ही मॅचेसमध्ये ते एकमेकांना जी साथ देतात ती कसलेल्या गवय्यानं आणि तबलजीनं द्यावी तशी आहे. कोण पुढे आहे आणि कोण मागे, हे दर मिनिटाला बदलतं आणि लय कुठेच सुटत नाही. न्यू ऑर्लिन्सला तर सुरुवातीचा बराच वेळ पकडींवरच जातो. आजच्या मुलांना ते संथ वाटतं. पण पुढची सगळी मॅच त्या पकडींवरच उभी राहते, आणि शेवटी फ्लेअर एका पकडीतच हरतो. नॅशव्हिलच्या मॅचसाठी रिंगपाशी तीन जाणते पंच म्हणून बसवले होते. त्यांतला एक लू थेझ. मुंबईत दारासिंगकडून हरलेला माणूस तिथे कागद घेऊन बसलेला दिसतो, तेव्हा मला हा सगळा इतिहास एका चौकटीत आल्यासारखा वाटतो. आणि १९८९ हेच ते वर्ष, जेव्हा मॅकमहन यांच्या कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सरळ सांगितलं की आमचं रेसलिंग ही करमणूक आहे, सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख तिला नको. गुपित असं राहिलंच नाही. तरी लोक आले, येत राहिले.

जपानची गोष्ट वेगळी काढावी लागते, कारण तिथे हा वाद माझ्या कसोटीला सर्वांत जड जातो. ३ जून १९९४, टोकियोचं बुडोकान. मित्सुहारू मिसावा विरुद्ध तोशिआकी कावादा. दोघं एकाच शाळेच्या कुस्ती संघातले, कावादा एक वर्ष मागे. आयुष्यभर मिसावाच्या मागेच राहिला. ती मॅच बघताना जपानी भाषा यायची गरज नाही. कावादाला आज तरी जिंकायचंच आहे, हे त्याच्या प्रत्येक लाथेत दिसतं, आणि मिसावाचं कोपर त्याला पुन्हा पुन्हा खाली बसवतं. शेवटी मिसावा त्याला मानेवर आपटतो. तो फटका बघताना मी अजूनही डोळे मिटते. जगातली सर्वोत्तम मॅच हीच, असं म्हणणारे खूप आहेत, आणि त्यांच्याशी मी मोठ्यानं भांडत नाही.

पण तिथून एक शिडी सुरू झाली. डेव्ह मेल्त्झर हा अमेरिकन पत्रकार मॅचेसना तारे देतो. पाच तारे म्हणजे परिपूर्ण, असं अनेक वर्षं धरलं जायचं. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकियो डोममधल्या ओकादा-ओमेगा मॅचला त्यानं सहा दिले, आणि ९ जून २०१८ रोजी ओसाकातल्या त्यांच्याच मॅचला सात. दोघंही अफाट आहेत, ओसाकाची मॅच तासाभराहून मोठी असून कुठे सैल पडत नाही. तरी तारे वाढले म्हणून १९८९ छोटं होत नाही. आणि मानेवर पडण्याची किंमत कोणीतरी मोजत असतं. मिसावा १३ जून २००९ रोजी हिरोशिमात, जोड्यांच्या एका टॅग मॅचमध्ये, पाठीमागे टाकण्याच्या नेहमीच्या डावात पडला आणि उठला नाही. ४६ वर्षांचा होता. त्या डावात चूक कोणाचीच नव्हती. वर्षानुवर्षांचं पडणं त्या मानेत साठलेलं होतं.

म्हणून ब्रेट हार्ट जेव्हा अभिमानानं सांगतो की आपल्या हातून कधी समोरच्याला गंभीर दुखापत झाली नाही, तेव्हा तो बढाई मारतोय असं मला वाटत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा विक्रम आहे. त्याचीच कारकीर्द डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्गच्या एका चुकलेल्या लाथेनं संपवत आणली. त्याचा धाकटा भाऊ ओवेन याच्याकडून ऑगस्ट १९९७ मध्ये ऑस्टिनची मान दुखावली, काही क्षण ऑस्टिनला हातपाय हलवता येईनात. पुढचा प्रसंग बघवत नाही तरी बघण्यासारखा आहे. ओवेन वेळ काढतो, प्रेक्षकांकडे वळून बडबडतो. ऑस्टिन कसाबसा रांगत येतो आणि त्याला नावापुरता मागून धरतो, आणि ओवेन स्वतःच गडगडून खांदे टेकवतो. ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच हरून ती मॅच पुरी केली.

ख्रिस बेन्वा माझ्या यादीत नाही. मार्च २००४ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जगज्जेता झाला ती मॅच अप्रतिम होती, हे मला ठाऊक आहे. जून २००७ मध्ये त्यानं बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून आत्महत्या केली. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार मार लागून झालेली भयंकर हानी दिसली. कला वेगळी आणि माणूस वेगळा, असं आमच्यातले काही म्हणतात. पण वरच्या दोरावरून डोक्यावर उडी मारण्याच्या ज्या डावावर आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यानंच ते डोकं पोखरत होतं. त्या टाळ्या मला पुन्हा ऐकायच्या नाहीत. त्या बायकोचं नाव नॅन्सी होतं, मुलाचं डॅनियल.

आता बायकांच्या मॅचेसबद्दल, कारण वादात त्यांची पाळी नेहमी शेवटी येते. मी मुलगी म्हणून हे बघत मोठी झाले, आणि अमेरिकन टीव्हीवर बायकांच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं यायची, तीही बहुधा कपडे फाडण्याच्या मॅचची. जपानमध्ये त्याच १९९० च्या दशकात मनामी टोयोटा आणि अजा काँग पुरुषांना लाजवतील अशा मॅचेस करत होत्या; नोव्हेंबर १९९४ मध्ये फक्त बायकांच्या कुस्त्यांवर टोकियो डोम उघडलं गेलं. हे मला तेव्हा कळलं असतं तर माझ्या ट्रम्प कार्डांचा डाव वेगळा झाला असता. अमेरिकेत फेब्रुवारी २०१५ मध्ये अर्ध्या मिनिटात उरकलेल्या एका मॅचनंतर चाहत्यांनी संताप व्यक्त केला, आणि त्याच वर्षी २२ ऑगस्टला ब्रुकलिनमध्ये साशा बँक्स आणि बेली लढल्या. साशा पट्टा हरली. बेलीचा दुखरा हात तिनं बुटाखाली चिरडला, हसली, आणि मग अशी हरली की बेली एका रात्रीत सगळ्यांची झाली. ऑस्टिनच्या मॅचशेजारी मी हिला बसवते.

अंडरटेकरवाल्या भावंडांना एवढं देते: मार्च २०१० मधली अॅरिझोनातली शॉन मायकल्सविरुद्धची मॅच. शॉन हरला तर त्याची निवृत्ती, अशी अट. शॉन उभाही राहू शकत नाही, अंडरटेकर क्षणभर थांबतो, आणि शॉन त्याच्याच गळा कापण्याच्या खुणेची नक्कल करून त्याच्या थोबाडीत मारतो. शेवट स्वतः मागून घेतो. आदल्या वर्षीच्या ह्यूस्टनमधल्या त्यांच्या मॅचला बहुतेक लोक वरचं स्थान देतात. मी देत नाही.

त्याच ह्यूस्टनच्या रात्री, ५ एप्रिल २००९ ला, आणखी एक गोष्ट घडली. ख्रिस जेरिकोविरुद्ध तीन जुने रेसलर उतरवले होते, एक गमतीचा कार्यक्रम म्हणून. त्यांतला एक रिकी स्टीमबोट, वय ५६. त्यानं हाताला धरून फेकण्याचा डाव, आर्म ड्रॅग, टाकला, पुन्हा टाकला, दोरावरून उडी घेतली, आणि स्टेडियम उभं राहिलं. शेवटी जेरिकोनं त्याला पाडलं, आणि जेरिको त्या दिवसापेक्षा मोठा खलनायक क्वचितच कधी वाटला असेल.

म्हणून माझं उत्तर रिकी स्टीमबोट. जगज्जेता एकदाच, तोही अडीच महिने. आयुष्यात कधी खलनायक झाला नाही. सॅव्हेजची सर्वोत्तम मॅच त्याच्याबरोबरची, फ्लेअरची सर्वोत्तम मॅच त्याच्याबरोबरची. आमच्या ग्रुपवर यावर पाच जण तुटून पडतील, ओकादावाले सर्वांत आधी. त्यांना मी एकच सांगते: २ एप्रिल १९८९ ची न्यू ऑर्लिन्सची मॅच बघा, पुढे न ढकलता, पहिल्या पकडीपासून. हरणाऱ्या फ्लेअरकडे लक्ष ठेवा. मग बोलू.